एकोणीस फेब्रुवारी कुठून आली?

शिवजयंतीची सुट्टी जवळ आली की भोर-वेल्ह्याचे दोन दिवसांचे प्लॅन फोनवर फिरायला लागतात. थांबे ठरलेले असतात: राजगड, तोरणा, भोरचा राजवाडा, वेळ उरला तर रायरेश्वर. दीड मिनिटाचं रील, ड्रोनमधून संजीवनी माची, मागे ढोल. या रील्सना नाक मुरडण्यात अर्थ नाही. गाडी कुठे लावायची, तोरण्यावर पाणी किती न्यायचं, रायरेश्वराची लोखंडी शिडी कशी आहे, हे आपल्यातल्या बहुतेकांना तिथूनच कळतं. माझा आक्षेप त्यांच्या आवाजाला आहे. प्रत्येक ठिकाणाबद्दल ती एकाच सुरात, एकाच खात्रीने बोलतात. दगडातून दिसणारी गोष्ट, कागदातून कळलेली गोष्ट आणि लोकांनी सांगत आणलेली गोष्ट, सगळ्यांची एकच मिसळ होते.

राजगडावर हे खपून जातं, कारण तिथे दगड स्वतःच बोलतो. संजीवनी माचीच्या दुहेरी तटबंदीतून चाललं की शत्रूने बाहेरची भिंत फोडली तरी आतली कशी उभी राहील, हे कुणी सांगावं लागत नाही. रायगडाआधी स्वराज्याची राजधानी इथे होती. सईबाईंचा मृत्यू १६५९ साली इथलाच, राजाराम महाराजांचा १६७० सालचा जन्मही इथलाच. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत राजगड आहे. समोरचा तोरणा त्या यादीत नाही. म्हणून तो चढायला सोपा होत नाही की इतिहासाने लहान होत नाही.

रायरेश्वरावर मात्र प्रश्न पडायला हवा. १६४५ साली इथे स्वराज्याची शपथ घेतली गेली, असं आपण शाळेपासून ऐकतो. या कथेला आधार म्हणून दादाजी नरसप्रभू देशपांडे यांना लिहिलेल्या पत्राकडे बोट दाखवतात. त्या पत्रात उल्लेख आहे ‘रोहिरेश्वरा’चा, आणि पत्र अस्सल आहे का, यावरच अभ्यासकांत मतभेद आहेत. हे सांगितल्याने रायरेश्वराचं देऊळ छोटं होत नाही. लोकांनी एखादी जागा शतकानुशतकं जपावी, ही स्वतःच इतिहासातली मोठी घटना आहे. पण ‘लोक असं मानतात’ आणि ‘असं घडलं’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. रीलमध्ये पहिलं वाक्य गाळलं जातं.

आता ज्या गावाला या प्लॅनमध्ये सहसा थांबा नसतो, तिथे येऊ. भोर तालुक्यातलं कारी हे कान्होजी जेधे यांचं गाव. या जेधे घराण्याकडे एक शकावली होती. शकावली म्हणजे शक, महिना, तिथी आणि पुढे त्या दिवशी काय झालं याची नोंद. विशेषणं नाहीत, संवाद नाहीत. आम्ही सॉफ्टवेअरवाले जिला लॉग म्हणतो, तशी. टिळकांनी १९१६ साली ती प्रसिद्ध केली. तोपर्यंत महाराजांचा जन्म १६२७ सालचा धरला जाई. शकावलीतली नोंद वेगळी निघाली: फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पुढे कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’तही हीच तिथी मिळाली आणि ती नोंद भक्कम झाली.

म्हणजे ज्या तारखेची सुट्टी घेऊन आपण भोरला जातो, ती तारीखच भोरच्या एका घराण्याने जपलेल्या कागदाने आपल्याला दिली. या परिसराबद्दल यापेक्षा मोठी गोष्ट कुठली? पण पिवळ्या पडलेल्या कागदावरून ड्रोन उडवता येत नाही.

भोरच्या राजवाड्याचंही तसंच झालंय. तो ओळखला जातो चित्रपटांच्या शूटिंगमुळे. वाडा मात्र पंतसचिवांचा. अष्टप्रधानांतल्या सचिवाचं काम काय? राज्याची पत्रं तपासायची, चुका दुरुस्त करायच्या, हिशेब बघायचे. राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण सचिव झाले आणि १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत भोर संस्थान त्यांच्या घराण्याकडे राहिलं. कागद तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या दारात उभं राहून आपण विचारतो, ‘इथे कुठल्या पिक्चरचं शूटिंग झालं होतं?’

हा विषय केवळ पर्यटनापुरता नाही. इतिहासावरून आपल्याकडे रोज भांडणं होतात, आणि बहुतेक भांडणांत ‘हे कशावरून?’ असं विचारणाऱ्यालाच आधी गप्प केलं जातं. खुद्द महाराजांची जन्मतारीख आपल्याला मिळाली ती कुणीतरी हा प्रश्न विचारला म्हणून, आणि जुनी तारीख सोडायची तयारी दाखवली म्हणून. तेव्हा पुढचं रील बनवणाऱ्यांकडे मागणी एवढीच: ढोल राहू द्या, ड्रोन राहू द्या. प्रत्येक ठिकाणाखाली फक्त एक ओळ टाका, हे आपल्याला दगडाने सांगितलं, कागदाने, की माणसांनी. आणि कारीला एक थांबा द्या.