साहित्यदर्पणांतील रागत्रय आणि रंगाऱ्याची विद्या

विश्वनाथ कविराजाच्या साहित्यदर्पणांत, तिसऱ्या परिच्छेदांत, पूर्वरागाचे तीन प्रकार सांगितले आहेत : नीलीराग, कुसुंभराग आणि मंजिष्ठाराग. पहिला फारसा झळकत नाहीं, पण जातही नाहीं. दुसरा झळकतो, पण निघून जातो. तिसरा झळकतोही आणि टिकतोही. चौदाव्या शतकांतील हा भेद एक गोड उपमा म्हणून पाठ करून सोडून देण्याची रीत आहे. महाराष्ट्रांत ज्या आवृत्तीवर कित्येकांचें साहित्यदर्पणाचें अध्ययन झालें, त्या म. म. पांडुरंग वामन काणे यांच्या १९१० च्या आवृत्तींत पहिला, दुसरा व दहावा हेच परिच्छेद असल्यामुळें पुष्कळांची या स्थळाशीं गांठच पडली नाहीं. या स्थळाचें परीक्षण रंगाऱ्याच्या बाजूनें करावें असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. आमच्या मतें येथें नुसती उपमा नसून व्यवसायाचें नेमकें ज्ञान आहे, आणि त्या ज्ञानांत एक मोठी उणीवही आहे.

रंगारी कापड हातीं घेतो तेव्हां दोन गोष्टी पाहतो : रंग उठला कसा, आणि पाण्यांत व उन्हांत टिकतो कीं नाहीं. विश्वनाथाच्या दोन कसोट्या याच होत. प्रथम नीळ पाहूं. पाल्यापासून काढलेली नीळ पाण्यांत विरघळत नाहीं. खाराच्या पाण्यांत आंबवून तिचें निळेपण घालविलें म्हणजे ती विरघळते. त्या पिवळट हिरव्या द्रवांत बुडविलेलें कापड बाहेर काढलें कीं वारा लागून डोळ्यांदेखत निळें होतें. रंग तंतूंतच पुन्हां अविद्राव्य होऊन बसतो. त्यास बांधण्यास दुसरें द्रव्य लागत नाहीं. पंचतंत्रांतील निळ्या कोल्ह्याची सगळी गोष्ट या न जाणाऱ्या रंगावर उभी आहे. अहमदनगराकडे नीळीचें काम करणारी 'निराळी' ही स्वतंत्र जातच होती; त्यावरून ही विद्या इतर रंगकामाहून किती वेगळी मानीत तें दिसतें.

कुसुंभ म्हणजे करडईचें फूल. आमच्या दिंद्रुडकडे, माजलगाव तालुक्याच्या काळ्या रानांत, करडई म्हटली कीं लोकांस तेल आठवतें, रंग आठवत नाहीं. या फुलांत दोन रंग असतात. पिवळा पाण्यानें धुऊन टाकावा लागतो. मग उरलेल्या पाकळ्या सज्जीखाराच्या पाण्यांत मळल्या म्हणजे तांबडा उतरतो, आणि त्यांत लिंबाचा किंवा चिंचेचा आंबट रस पडला कीं तो सुती वा रेशमी कापडावर बसतो. तुरटी नको, हिरडा नको. पण ज्या खारानें तो फुलांतून सुटला, तसल्याच राखेच्या किंवा साबणाच्या खारानें तो वस्त्रांतूनही सुटतो, आणि उन्हानें तर विटतोच. ऋतुसंहारांतील वसंतवर्णनांत विलासिनींचीं दुकूलें कुसुंभानें तांबडीं झालेलीं आहेत, तें या दृष्टीनें यथार्थ आहे. तें सणाचें वस्त्र, नित्याचें नव्हे.

मंजिष्ठेची गोष्ट वेगळी. तिच्या मुळांच्या काढ्यांत नुसतें सुती कापड बुडविलें तर मळकट तांबूस छटा येते व धुण्यांत निघून जाते. सुती धागा वनस्पतिज; त्यास आधीं हिरड्याचा कषाय, मग तुरटीचें पाणी आणि नंतर मुळांचा मंद आंचेवरील काढा, असा क्रम लागतो. रेशीम प्राणिज असल्यामुळें तुरटी परस्पर धरतें. तुरटींतील ॲल्युमिनियम एकीकडे तंतूस व दुसरीकडे रंगास धरून ठेवतें. तुरटीऐवजीं हिराकस घातला तर त्याच मुळांतून तांबडा न येतां काळपट जांभळा येतो. म्हणजे टिकाऊपणाच नव्हे, तर मंजिष्ठेचा प्रसिद्ध वर्णही तुरटीचा ऋणी आहे.

हें आमच्या पूर्वजांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. रसरत्नसमुच्चयांत सौराष्ट्रांत निपजणाऱ्या तुवरीची ओळखच अशी दिली आहे कीं, ती वस्त्रांस लावली असतां मंजिष्ठेचा रंग बांधून ठेवते. पाश्चात्त्य भाषांत या द्रव्यास 'चावणारा' अशा अर्थाचा शब्द रूढ आहे. तें तंतूस चावून रंगास वाट करून देतें अशी जुनी समजूत होती. आमच्या ग्रंथकारानें 'बांधणें' हा धातु वापरला, तोच वस्तुस्थितीस धरून आहे. आजचा 'रंगबंधक' हा पारिभाषिक शब्दही त्याच धातूवरचा.

मग साहित्यदर्पणांत तुवरी कोठें आहे? कोठेंच नाहीं. न जाणें हा मंजिष्ठेचा अंगभूत गुण म्हणून सांगितला आहे. ही उणीव एकट्या विश्वनाथाची नव्हे. ती भाषेंतच मुरलेली आहे. पाणिनीनें ४.२.१ या सूत्रांत अमक्या रंगानें रंगविलेलें या अर्थीं प्रत्यय सांगितला. काशिकेंत त्याचीं काषाय, मांजिष्ठ, कौसुंभ अशीं उदाहरणें आहेत. वस्त्रास नांव मिळालें तें रंग देणाऱ्याचें, बांधणाऱ्याचें नव्हे. मराठींतही वस्त्र कुसुंबी होतें; तुरटीवरून रंगाचें नांव पडल्याचें ऐकिवांत नाहीं.

कोणी म्हणेल, कवीनें रसक्रिया कां सांगावी? हें मान्य आहे. परंतु ज्यानें दोन कसोट्या इतक्या अचूक निवडल्या, त्यानें तिसरी सोडली : रंग आपल्या बळावर टिकतो कीं कोणी टिकवितो? ती घेतली असती तर नीली व मंजिष्ठा यांतील खरा भेद हातीं लागता. विश्वनाथ नीलीरागास रामसीतेचें उदाहरण देतो. प्रदर्शनाचा अभाव एवढेंच त्याच्या मनांत असावें. पण रंगाऱ्याच्या दृष्टीनें तें उदाहरण अधिकच खरें ठरतें, कारण या तिघांत मध्यस्थावांचून टिकणारा रंग नीळ हा एकच. यांत ग्रंथकाराहून आमच्या वाचनाचा दोष अधिक आहे. रसशास्त्राचा ग्रंथ वैद्याच्या फडताळांत, अलंकाराचा शास्त्र्याच्या. दोन्ही एका चौरंगावर क्वचितच उघडले जातात.

हा विचार संग्राहकांपुढें मांडण्याचें कारण व्यवहारी आहे. पोथीची नोंद करतांना आपण पत्रें, ओळी, अक्षरें व लेखनकाल लिहितों. बासनाबद्दल 'तांबडें फडकें' एवढेंच, किंवा तेंही नाहीं. दख्खनेंतील जुना तांबडा खारवा पुष्कळदां आलीच्या मुळांनीं रंगविलेला असे, आणि आलही तुरटीनेंच बांधावी लागते. १८६८ मध्यें ग्रेबे व लीबरमान यांनीं विलायती मंजिष्ठेंतील ॲलिझरिन प्रयोगशाळेंत तयार केलें, आणि थोड्याच वर्षांत कारखान्यांतला तांबडा बाजारांत आला. १८९७ पासून कृत्रिम नीळही विकली जाऊं लागली. आलीचें व आपल्याकडील मंजिष्ठेचें मुख्य रंगद्रव्य ॲलिझरिनाहून भिन्न असल्यामुळें लहानशा धाग्यावरूनही प्रयोगशाळेंत निवाडा होऊं शकतो. अर्थात् बासन नवें निघालें म्हणून पोथी नवी ठरत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

तेव्हां तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, जुनें बासन धुऊं नये. तें कुसुंबी असल्यास पुरावा पाण्याबरोबर जाईल. दुसरी, काळ्या नक्षीच्या जागींच कापड विरलेलें दिसल्यास हिरडा व हिराकस यांचा संशय घ्यावा. असल्या शाईनें कागदही खाल्ला जातो. म्हणून तें फडकें पोथीपासून दूर, पण तिच्याच क्रमांकानें, जपावें. तिसरी, वस्त्र सुती कीं रेशमी, आणि घडीच्या आंतला रंग बाहेरच्याहून निराळा आहे काय, हें नोंदींत लिहावें. मूळ रंग कळण्याचा संभव आंतल्या घडींतच अधिक. हस्तलिखितांच्या याद्यांत यासाठीं एक रकाना वाढवावा, एवढी विनंति आहे.