छापील स्तोत्रे आणि मूक भाविक : आरंभीच्या अमेरिकन कॅथलिक स्तोत्रसंग्रहांचा पुनर्विचार

अमेरिकेतील कॅथलिक स्तोत्रगायनाचा इतिहास जॉन एटकेन यांच्या १७८७ साली फिलाडेल्फिया येथे प्रसिद्ध झालेल्या संग्रहापासून सांगण्याचा प्रघात आहे. परंतु संग्रह छापला गेला, यावरून समस्त भाविक गात होते असे सिद्ध होत नाही. एटकेन हे स्कॉटलंडमध्ये जन्मलेले धातुकारागीर व स्वरलिपीचे मुद्रक. त्यांच्या पुस्तकात लॅटिन व इंग्रजी रचना स्वरलिपीसह दिल्या आहेत. अशा पुस्तकाचा खरा वाचक ऑर्गनवादक व मूठभर गायक हाच संभवतो. बेंजामिन कार यांचा १८०५ चा, बिशप जॉन कॅरोल यांना अर्पण केलेला संग्रहही याच परंपरेतला. कार स्वतः फिलाडेल्फियातील चर्चमध्ये ऑर्गनवादक होते.

येथे एक तुलना उद्बोधक ठरते. मॅसॅच्युसेट्समधील प्युरिटनांच्या १६४० च्या स्तोत्रपुस्तकात स्वरलिपी मुळीच नव्हती, केवळ शब्द होते. चाली मंडळीस मुखोद्गत होत्या. म्हणजे ज्या पुस्तकात संगीत नाही, तेच लोकगायनाचा अधिक सबळ पुरावा ठरते! बाल्टिमोरच्या १७९१ च्या धर्मसभेने लोकभाषेतील स्तोत्रांना अनुकूलता दर्शविली होती, हे खरे. तथापि मिस्सेची भाषा लॅटिनच राहिली, आणि ती मर्यादा द्वितीय व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजानंतरच शिथिल झाली. स्वरलिपीविरहित, केवळ शब्द देणाऱ्या प्रार्थनापुस्तिकांकडे मात्र या क्षेत्रातील अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही.