एक गळा, दोन मिरवणुका : प्रल्हाद शिंदे ऐकताना

मंडळी, आज वाशीमला बोलतोय, तर सुरुवात इथल्याच रस्त्यापासून करूया. शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी मेडशी, शिरपूर, रिसोड अशी आपल्या जिल्ह्यातून जाते. वाटेवरच्या चहाच्या टपरीवर कुणाचा आवाज लागलेला असतो? प्रल्हाद शिंदेंचा. आणि त्याच्या आधी, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत भोंग्यावर कोण असतं? पुन्हा तेच.

पण भक्तिसंगीतावर बोलणारे त्यांच्या भीमगीतांचा उल्लेख ओझरता करतात, आणि भीमगीतांवर बोलणारे विठ्ठलाच्या गाण्यांपाशी थोडे अवघडतात. आम्हाला आज एवढंच म्हणायचंय, की हा गळा अर्धा ऐकून कळत नाही.

शिंदे १९३३ साली जन्मले, २००४ साली गेले. गाणं शिकले ते कव्वालीच्या पार्टीत, कोरसमध्ये उभं राहून. ही गोष्ट महत्त्वाची आहे. कव्वालीचा कार्यक्रम उघड्यावर, रात्रभर चालायचा. तिथे नाजूक हरकत शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही. म्हणून पट्टी वरची, गळा मोकळा, आणि ओळीचा शेवटचा शब्द विझू न देता लांब फेकायचा. मुखडा पुन्हा पुन्हा घ्यायचा, दर वेळी वजन दुसऱ्या शब्दावर टाकायचं.

आता दत्ता पाटलांनी लिहिलेलं, मधुकर पाठकांनी चाल दिलेलं 'पाऊले चालती' आठवा. भीमसेनजींच्या अभंगात आपण गाभाऱ्यापाशी बसलेले असतो. शिंदेंच्या गाण्यात आपण रस्त्यावर असतो, देऊळ अजून लांब आहे. आवाजात भक्ती आहे, पण लाचारी नाही. दाराबाहेरून हक्कानं मारलेली हाक आहे ती. तीच हाक भीमगीतात येते. शब्द बदलतात, उभं राहण्याची रीत बदलत नाही.

त्यांची सगळीच गाणी या तोडीची आहेत, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. पुष्कळ गाणी एका साच्यातली आहेत. चाल ओळखीची, वादन ठोकळेबाज. पण अशा गाण्यातही एखाद्या ओळीला गळा उसळतो आणि साचा विसरायला होतो.

चळवळीतून एक प्रश्न विचारला जातो, तो टाळता येणार नाही. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. मग आंबेडकरी घरातल्या गायकानं विठ्ठल का गावा? एक उत्तर सरळ आहे : पोट. त्यात लाज वाटावी असं काही नाही. पण तेवढ्यानं भागत नाही, कारण नुसत्या पोटासाठी गायलेलं गाणं इतकी वर्षं टिकत नाही.

अमेरिकेत लिटल रिचर्ड नावाचा रॉक गायक होता. चर्चच्या गाण्यात वाढलेला. १९५५ साली 'टुटी फ्रुटी'नं गाजला, आणि १९५७ साली ऐन भरात रॉक सोडून देवाची गाणी गायला गेला. १९६२ च्या सुमारास परत आला. आयुष्यभर त्याची ही ओढाताण चालू राहिली. एक गाणं धरलं की दुसरं सुटायचं. शिंदेंनी दोन्ही धरली, आणि निवड करण्याचं ओझं आपल्यावर, ऐकणाऱ्यांवर टाकलं.

आणि शिंदे घराण्याचं नातं कुठल्या गावाशी? मंगळवेढ्याशी. चोखोबांचं गाव! ज्यांना पंढरीत देवळाच्या आत जागा नव्हती, समाधी महाद्वाराबाहेर मिळाली, ते चोखोबा. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हे पुस्तक नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांना अर्पण केलं. म्हणजे विठ्ठल नाकारणाऱ्यानंही त्याच्या दारात ताटकळलेल्या माणसाला आपलं मानलं होतं. शिंदेंचा आवाज आम्हाला त्या दाराबाहेरच्या जागेवरून आलेला वाटतो.

यानं प्रतिज्ञांचा प्रश्न सुटतो का? नाही सुटत. तो राहू द्यावा. पण पालखीच्या वाटेवर ज्यांना हा आवाज गोड लागतो, त्यांनी १४ एप्रिलला खिडकी लावून घेऊ नये. एवढं तरी या गायकाचं आपण देणं लागतो.

आता तुमचे प्रश्न घेऊया.