न चढायचा किल्ला

संधिवाताने गुडघे धरल्यापासून मी आपली दुर्गवर्णनं वेगळ्या नजरेने वाचते. त्यांतली वाट बहुतेकदा ठरलेली असते: दम, घाम, निसटता पाय आणि मग माथा. गो. नी. दांडेकरांच्या ‘दुर्गभ्रमणगाथे’ने मराठी वाचकाला डोंगराची ओढ लावली, ते ऋण मोठंच. पण मागून आलेल्या बऱ्याच लेखनाने त्या ओढीची अट करून टाकली. चढला त्यानेच किल्ला पाहिला!

गोनीदांच्या तळेगावाहून चाकण फार लांब नाही. तिथला संग्रामदुर्ग भुईकोट, म्हणजे चढ नाहीच. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी तो शायिस्ताखानाच्या फौजेपुढे सुमारे दोन महिने लढवला. सुरुंगाने बुरूज उडाला, तेव्हा कुठे तो पडला. डोंगराचा आधार नव्हता. खंदक, तट आणि माणसांची चिकाटी, एवढंच हाताशी होतं.

सकाळची गोळी घेऊन, सांधे जरा मोकळे झाल्यावर मी तो पाहिला. थोडं चालायचं, बसायचं. आत उरलासुरला तट, बाहेर औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या ट्रकांची घरघर. वेढा म्हणजे चढाई नव्हे, दोन्ही बाजूंनी दिवसचे दिवस तग धरणं, हे मला तिथे बसल्यावर उमगलं.

म्हणून दुर्गवर्णनात मी आता सावली कुठे, टेकायला दगड कुठे, हे शोधते. बहुतेक लेखकांनी ते टिपलेलं नसतं. त्यांना बसावंच लागलेलं नसतं.