महासाथीतील इंटरनेट-व्यसनाचे मोजमाप

किंबर्ली यंग यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेली २० प्रश्नांची इंटरनेट-व्यसनाची कसोटी कोविडच्या महासाथीत अनेक संशोधकांनी विद्यार्थ्यांना लावली. केवळ जुनी म्हणून ती त्याज्य ठरत नाही. परंतु तिच्यामागे एक गृहीत आहे : बाहेरचे जीवन माणसाला मोकळे असून तो आपण होऊन त्याकडे पाठ फिरवितो. भारतात २५ मार्च २०२० पासून लागू झालेल्या टाळेबंदीने नेमके हेच गृहीत काढून घेतले. इतरांसमवेत बाहेर जाण्याऐवजी इंटरनेटवरच अधिक वेळ घालविणे किती वेळा पसंत करता, तेथे नवे स्नेहसंबंध कितीदा जोडता, असे ही कसोटी विचारते. महाविद्यालय बंद, वसतिगृह रिकामे आणि व्याख्याने पडद्यावर, अशा स्थितीतील तरुणाने ‘वारंवार’ असे उत्तर दिले, तर त्यात व्यसन किती व निरुपाय किती? गुण दोहोंना सारखेच!

पाहणी एकदाच केलेली असेल, तर विषण्णतेने इंटरनेट वाढले की इंटरनेटने विषण्णता, याविषयी सहसंबंधाचा आकडा मुकाच राहतो. शिवाय प्रश्नावली इंटरनेटवरूनच धाडली, म्हणजे ज्याच्या घरी तिघा भावंडांत एकच फोन, तो बहुधा मोजणीबाहेर. त्याच्या मनाला इंटरनेटच्या अभावाचाच जाच झाला असणे शक्य आहे. इंटरनेटची सोय मुळात उपलब्ध आहे की नाही, याविषयी कसोटीत एकही प्रश्न नाही.