गणना आणि वर्चस्व : सागरी जीवाश्मनोंदीच्या वाचनाची चिकित्सा

प्रस्तावना :
सागरी जीवसृष्टीचा इतिहास बहुधा कुले व वंश यांच्या संख्येवरून लिहिला जातो. जॅक सेप्कोस्की यांनी १९८१ मध्ये मांडलेली तीन प्राणिसमूहांची कल्पना कुलांच्या गणनेवरच उभी आहे. परंतु एखाद्या गटात वंश किती आणि समुद्रतळावर त्याचे प्राबल्य किती, हे भिन्न प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर दुसऱ्यास लावल्यास इतिहासाचा क्रमच चुकतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

विवेचन :
ब्रॅकिओपॉड आणि द्विपुट शिंपले यांचे उदाहरण येथे बोलके आहे. गूल्ड व कॅलोवे यांनी १९८० मध्ये वंशसंख्येच्या आधारे असे मांडले की, शिंपल्यांनी ब्रॅकिओपॉडांना हळूहळू हटविले नाही, सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वीच्या पर्मियन-अखेरच्या महाविलोपनाने दोहोंचे भवितव्य पालटले. क्रमिक स्पर्धेच्या रूढ कथेला हा समर्थ छेद होता. तथापि त्यांचे साधन वंशांची यादी हेच होते. यादीत विपुल वंश व दुर्मीळ वंश यांचे मोल सारखेच ठरते.

क्लॅफम व बॉटजर यांनी २००७ मध्ये मध्य व उत्तर पर्मियनमधील २४ सिलिकामय जीवाश्मसमुदायांतील ३३,००० हून अधिक जीवाश्म मोजले. सिलिकामय नमुन्यांची निवड महत्त्वाची आहे. कारण अनेक शिंपल्यांच्या कवचांतील अ‍ॅरॅगोनाइट सहज विरघळते, तर बहुतेक ब्रॅकिओपॉडांचे कॅल्साइट टिकते. साध्या खडकात म्हणूनच ब्रॅकिओपॉडांचे पारडे अकारण जड दिसते. या मोजणीत मृदुकायांचे संख्याबळ महाविलोपनापूर्वीच वाढलेले आढळले. पेन व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ऊर्जावापराचा निकष लावला, तेव्हा शिंपल्यांचे वर्चस्व ब्रॅकिओपॉडांच्या विविधतेतील घटीपूर्वी १५ कोटींहून अधिक वर्षे आढळले.

अर्थात, हे निकषही निर्दोष नाहीत. सिलिकामय समुदाय मोजक्याच ठिकाणी मिळतात. लुप्त प्राण्यांचा चयापचय आकारमान व आजचे सजातीय यांवरून अनुमानावा लागतो. शिवाय, यातून गूल्ड-कॅलोवे यांचा मूळ आक्षेप कोसळत नाही. ऊर्जेत मागे पडूनही ब्रॅकिओपॉड कोट्यवधी वर्षे वैविध्यपूर्ण राहिले, ही बाब उलट स्पर्धेच्या सोप्या कथेविरुद्धच जाते.

निष्कर्ष :
महाविलोपनाने वंशांची यादी पालटली. समुद्रतळावरील सत्तांतराचा आरंभ मात्र त्याआधीच झाला होता. म्हणून विविधता, संख्याबळ व ऊर्जावापर यांची नोंद स्वतंत्रपणे ठेवली पाहिजे. केवळ याद्यांवर विसंबणारा अभ्यासक परिवर्तनाची चाहूल लागण्याऐवजी त्याचा शेवटच टिपतो.