नॅशुआची गोष्ट, नागनदीच्या काठी

लिन चेरी या अमेरिकन लेखिकेचे ‘अ रिव्हर रॅन वाइल्ड’ हे चित्रपुस्तक १९९२ साली प्रसिद्ध झाले. मजकूर तिचा आणि चित्रेही तिचीच. मॅसॅच्युसेट्स व न्यू हॅम्पशायर या राज्यांतून वाहणाऱ्या नॅशुआ नदीची काही शतकांची हकिकत त्यात सांगितली आहे. इतक्या दूरच्या नदीचे पुस्तक नागपूरच्या शिक्षकाने का उघडावे, असे कोणी विचारील. ज्या नदीवरून शहराला नाव मिळाले असे आपण वर्गात सांगतो, तिला आपले विद्यार्थी सर्रास ‘नाला’ म्हणतात, एवढे कारण आम्हाला पुरेसे वाटते.

गोष्ट साधी आहे. निपमक जमातीचे लोक नदीकाठी येतात. पाणी इतके नितळ, की तळाचे गोटे दिसतात, आणि त्याच अर्थाचे नाव ते नदीला देतात. पुढे युरोपातून वसाहतवाले येतात, जंगल तुटते, लाकडाच्या गिरण्या व बंधारे उभे राहतात. मग कागदाचे व कापडाचे कारखाने येतात. लगदा आणि रंग नदीत सुटतात आणि ज्या दिवशी जो रंग कारखान्यात चालू असेल, त्या रंगाची नदी वाहू लागते. शेवटी १९६० च्या दशकात मॅरियन स्टॉडार्ट नावाची एक गृहिणी गावोगाव फिरून लोकांना जागे करते, सह्या गोळा करते, घाण पाण्याच्या बरण्या राजकारण्यांपुढे ठेवते. १९६६ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये स्वच्छ पाण्याचा कायदा होतो आणि नदी पुन्हा जिवंत होते. ही स्त्री काल्पनिक नाही, हे मुलांना आवर्जून सांगावे.

पुस्तकाचे खरे बळ चित्रांच्या चौकटींत आहे. मजकुराच्या पानाभोवती त्या त्या काळातील प्राणी, अवजारे, भांडी, यंत्रे यांची बारीक चित्रे ओळीने मांडली आहेत. मोठे चित्र पाहून झाल्यावर मूल या चौकटीत रमते, आणि सनावळ्या न घोकता काळ कसा बदलला हे त्याला कळते. आतल्या बाजूस नकाशेही आहेत. नॅशुआ उत्तरेकडे वाहते. नदी म्हणजे नकाशात वरून खाली येणारी रेघ, अशी ज्यांची पक्की समजूत झालेली असते, त्यांना हा नकाशा जरूर दाखवावा.

आता तक्रारी.

पुस्तकात नदी मेल्याची खूण म्हणजे तिचा रंग. चित्रकाराला ते सोयीचे आहे, पण विज्ञानशिक्षकाची त्यामुळे पंचाईत होते. नदीतील जीव मरतात त्याचे एक मोठे कारण पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपणे हे आहे, आणि तो रंगहीन असतो. सांडपाण्यातील सेंद्रिय घाण जीवाणू खातात आणि खाताना हा प्राणवायू वापरतात. २० अंश सेल्सियस तापमानाला लिटरभर पाण्यात जेमतेम ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांना सुमारे ७. म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात नदीची शिल्लक मुळातच कमी, आणि उन्हामुळे जीवाणूंची भूक मात्र वाढलेली. नागनदीचे मुख्य दुखणे घरगुती सांडपाणी हे आहे. रंग शोधणारे मूल तिच्या काठी जाऊन चुकीचे निदान करील.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. निपमक वंशातील एकाला स्वप्न पडते, त्यात जुन्या नायकाचे अश्रू पडतील तेथे पाणी निर्मळ होत जाते. स्वप्नाला आमची हरकत नाही. पण सह्यांचे कागद आणि स्वच्छ नदी यांच्यामध्ये पुस्तकात फक्त एक पान उलटते! प्रत्यक्षात मध्ये वाहिन्या, पंप, शुद्धीकरण केंद्रे, पैसा आणि कित्येक वर्षे होती. या नदीच्या काही भागांना संघराज्याच्या कायद्याने ‘वन्य व निसर्गरम्य’ नदीचा दर्जा मिळाला तो २०१९ मध्ये. आपल्याकडे नागनदीच्या प्रदूषण-निवारणाच्या सुमारे १,९२५ कोटी रुपयांच्या प्रकल्पाची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ रोजी झाली. एवढी रक्कम कशावर खर्च होते हे पुस्तक सांगत नाही, तेव्हा ते शिक्षकाने सांगायला हवे.

तिसरा मुद्दा हा पुस्तकाचा दोष नव्हे, पण तो विसरला तर ते येथे दिशाभूल करील. नॅशुआच्या खोऱ्यात पाऊस आणि बर्फ वर्षभर विभागून पडतात. नागपूरचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकतो. लाव्याच्या टेकड्यांजवळ उगम पावून अंबाझरीमार्गे शहरात शिरणाऱ्या या नदीत उन्हाळ्यात जे वाहते, ते मुख्यतः पेंच आणि कन्हानचे पाणी असते, आपल्या स्वयंपाकघरांतून व न्हाणीघरांतून फिरून आलेले. भांडेवाडीत शुद्ध केलेल्या पाण्याचा मोठा भाग नदीत न सोडता कोराडीच्या वीजकेंद्राला जातो. मग सगळे सांडपाणी अडवले तर एप्रिलमध्ये नदीत काय वाहील? हा प्रश्न नववीच्या वर्गात टाकून पाहावा. आणि उलट टोक म्हणजे २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट, जेव्हा काही तासांच्या पावसात अंबाझरी तलाव ओसंडला आणि घराघरांत पाणी शिरले. एकाच नदीची ही दोन रूपे चेरीच्या चित्रांत बसत नाहीत.

म्हणून मुलांकडून नागनदीची पाने काढून घ्यावीत, चौकटींसकट. १७०२ च्या सुमारास गोंड राजा बख्त बुलंद शाहाने वसवलेले नगर, भोसल्यांचा महाल, १८७७ मध्ये सुरू झालेली एम्प्रेस मिल, आणि आजचा काठ. नकाशा मात्र महानगरपालिकेच्या हद्दीत संपवू नये. नागनदी पुढे कन्हानला, कन्हान वैनगंगेला मिळते, आणि शहराची घाण गोसीखुर्दच्या जलाशयापर्यंत पोचते. तेथे मासे धरणाऱ्याचे चित्र कोणत्या पानावर काढायचे, यावर मुलांना वाद घालू द्यावा.

प्राणवायूचा मुद्दा दाखवायला प्रयोगशाळेतील मिथिलीन ब्लू पुरेसे आहे. नळाचे, तलावाचे आणि नदीचे पाणी सारख्या बाटल्यांत काठोकाठ भरावे, प्रत्येकीत या निळ्या द्रावणाचे सारखेच थेंब टाकावेत, बुचे घट्ट लावून बाटल्या अंधारात ठेवाव्यात आणि रोज पाहाव्यात. ज्या बाटलीतील प्राणवायू आधी संपतो, तिचा निळा रंग आधी जातो. नदीचे पाणी शिक्षकाने स्वतः, हातमोजे घालून आणावे. पुस्तकात जो रंग आरोपी आहे तो येथे साक्षीदार होतो, याची मुलांना गंमत वाटेल. पुस्तक इंग्रजीत आहे. पाचवी-सहावीत ते वाचून दाखवण्यापेक्षा चित्रे समोर धरून मराठीतून सांगावे. स्वप्नाच्या पानावर पोचल्यावर थोडे थांबावे आणि पुढे काय काय करावे लागले असेल, ते मुलांकडूनच काढून घ्यावे.